दाइम्यो, 'मांडलिक राजे' आणि नावावरची जमीन

प्रश्न: मेजी काळातल्या सत्तांतरावरच्या एका लेखात 'जपानच्या मांडलिक राजांनी सम्राटाला साथ दिली' असे वाक्य आहे. मूळ शब्द 'डायमियो' आहे म्हणे. त्याला मांडलिक राजे म्हणावे का?

उत्तर: म्हणू नये. आणि ते 'डायमियो' आधी सोडा. उच्चार दाइम्यो, शेवटचा ओ जरा लांबवून. देवनागरीत सरळ लिहिता येणारा शब्द इंग्रजी स्पेलिंगवरून वाचून वाकडा करायची ही खोड कधी जाणार कोण जाणे.

मांडलिक हा राजा असतो आणि खंडणी भरतो. दाइम्यो म्हणजे आपापल्या मुलखाचा धनी सरदार. तो शोगुनला, म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष राज्य चालवणाऱ्या लष्करी प्रमुखाला, वार्षिक खंडणी भरत नव्हता. त्याने वर्षाआड शोगुनच्या एदोत (आजचे तोक्यो) हजेरी लावायची, बायकामुले तिथेच ओलीस ठेवायची. शोगुनच्या मनात आले तर त्याला एक मुलूख सोडून दुसऱ्या मुलखात जावे लागे. राजाची कुठे अशी बदली होते?

आता खरी गंमत. 'दाइ म्हणजे मोठे, म्यो म्हणजे नाव, म्हणून दाइम्यो म्हणजे नामांकित पुरुष' असे सांगून पुष्कळ कोश मोकळे होतात. हे अर्धवट आहे. जुन्या जपानी जहागिऱ्यांत सारा वसुलीसाठी शेते कोणाच्या तरी नावावर मांडलेली असत. अशा शेताला 'म्योदेन' म्हणजे नावाचे शेत म्हणत. ज्याच्याकडे अशी शेते पुष्कळ तो दाइम्यो, थोडी तो 'शोम्यो', म्हणजे लहान नाववाला. हा शोम्यो शब्दच कीर्तीची कथा निकालात काढतो, कारण 'थोडीशी कीर्ती असलेला' अशी पदवी कोण मिरवेल? आपला 'सातबारा कोणाच्या नावावर?' हा प्रश्न त्या माणसाला तत्काळ कळला असता. तलवारीचा वाटणारा हा शब्द मुळात दप्तरातला आहे.

(इथे कुणीतरी म्यो आणि 'नाम' यांचे नाते जोडणारच. म्यो हे चिनीतून आलेले वाचन आहे. त्याच अक्षराचे अस्सल जपानी वाचन 'ना' आहे आणि संस्कृतशी त्याचे साम्य हा योगायोग. एवढ्यावरून जपानला संस्कृतचे माहेर देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.)

माझ्या मते या दप्तरी मुळाशिवाय सत्तांतर नीट कळतच नाही. नोव्हेंबर १८६७ मध्ये शोगुन तोकुगावा योशिनोबूने राज्यकारभार सम्राटाला परत केला. दरबाराने दाइम्योंना सम्राटाच्या क्योतोला बोलावले. बहुतेक आलेच नाहीत. कुणी आजारी, कुणी विचारात. ३ जानेवारी १८६८ ला सात्सुमा वगैरे मुलखांच्या सैन्याने राजवाड्याची दारे धरली आणि राजसत्तेच्या पुनःस्थापनेची घोषणा झाली. तेव्हा तोसा मुलखाचा यामाउची योदो भर बैठकीत कडाडला, की पंधरा वर्षांच्या सम्राटाला पुढे करून काही जण सत्ता बळकावताहेत. महिना संपायच्या आत शोगुनच्या आणि सम्राटाच्या बाजूच्या फौजांत तोबा-फुशिमीची लढाई पेटली. योदो नावाच्या किल्ल्याचा (वरच्या योदोशी याचा संबंध नाही) धनी शोगुनचा ज्येष्ठ मंत्री होता, पण त्याच्याच माणसांनी माघार घेणाऱ्या शोगुनच्या फौजेला दार उघडले नाही. ओवारीचा तोकुगावा योशिकात्सु सम्राटाकडे होता आणि त्याचा सावत्र भाऊ, आइझूचा मात्सुदाइरा कातामोरी, 'दरबाराचा शत्रू' ठरला. ईशान्येच्या तीसेक मुलखांनी तर नव्या सरकारविरुद्ध संघच बांधला. तेव्हा 'साथ दिली' हे क्रियापदही लेखकाने परत घ्यावे.

आणि मग १८६९. सात्सुमा, चोशू, तोसा आणि हिझेन यांच्या धन्यांनी सम्राटाला जे परत केले त्याचे नाव 'हान्सेकी होकान'. हान म्हणजे जमिनीची नोंद, सेकी म्हणजे माणसांची, होकान म्हणजे आदराने परत करणे. नोंदीतल्या नावाने सुरू झालेला शब्द नोंदवह्या परत करून संपला! बाकीच्यांनी पाठोपाठ वह्या दिल्या त्या निव्वळ भक्तीने, हे मला पटत नाही. नवा शोगुन गादीवर आला की दाइम्योंना लाल शिक्क्याची सनद नव्याने मिळे. धनी बदलला की सनद ताजी करून घ्यावी, हे आपल्या वतनदारांनाही कुणी शिकवावे लागले नसते. यावेळीही मुलूख परत आपल्याच नावावर चढेल, असे अनेकांना वाटले असणार. चढला नाही. ते आपल्याच मुलखाचे नेमलेले कारभारी झाले, उत्पन्नाचा दहावा हिस्सा तनखा मिळाला, आणि १८७१ मध्ये मुलूखही मोडून जिल्हे झाले.

राहिला तुमचा शब्द. 'संस्थानिक' सुचवणारे विद्वान इंग्रजी आमदानीतल्या चित्राला भुलले आहेत. पहिल्या उल्लेखात 'सरंजामदार (दाइम्यो)' लिहावे: मुलखाचे उत्पन्न खायचे, बदल्यात फौज ठेवायची, दोन्हीकडे हाच व्यवहार. सरंजाम वंशपरंपरागत नसतो, अशी तांत्रिक हरकत येईल. ती घेणाऱ्यांनी शिंदे-होळकरांच्या पिढ्या मोजाव्यात. पुढे नुसते दाइम्यो चालेल.