लिव्हरमध्ये गळू झालंय हे कळलं, मग अजून टेस्ट कशाला?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझे बाबा 61 वर्षांचे, डायबेटिस आहे, अजून भातशेती करतात. आठवडाभर थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखत होतं, सोनोग्राफीत लिव्हरमध्ये मोठं गळू निघालं. एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) जवळपास नॉर्मल आहे आणि अमीबाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह. तरी डॉक्टर म्हणतात रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) करू आणि सुईने पू काढून तोही तपासू. हे खरंच लागतं का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: लागतं, आणि बाबांच्या बाबतीत तर नक्कीच. सोनोग्राफीने गळू आहे हे सांगितलं, जंतू कुठला ते नाही सांगितलं. एलएफटीही ते सांगत नाही, फार तर त्यातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढलेलं आणि अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी दिसतं, कावीळ बऱ्याचदा नसतेच म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि तिथेच उशीर होतो.

अमीबाचं म्हणाल तर आपल्याकडे तो कित्येकांना कधीतरी होऊन गेलेला असतो, अँटिबॉडी पुढे वर्षानुवर्षं रक्तात राहतात, त्यामुळे आत्ताचं गळू त्याचंच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. डायबेटिसवाल्यांमध्ये क्लेब्सिएला किंवा ई. कोलायसारखे बॅक्टेरिया असू शकतात आणि त्यांच्यावर अमीबाचं औषध मेट्रोनिडाझोल चालत नाही.

रक्ताचं कल्चर अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी घ्यायचं, दोन्ही हातांतून, मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. एवढं रक्त कशाला म्हणून नातेवाईक कुरकुरतात, पण रक्तात जंतू अगदी थोडे असतात, कमी घेतलं तर सापडतच नाहीत. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत. मशीनमध्ये साधारण 5 दिवस ठेवतात, तरीही बऱ्याच पेशंटचं रक्ताचं कल्चर निगेटिव्हच येतं, म्हणून पू हवा.

सुई घालायच्या आधी आयएनआर (रक्त नीट गोठतं का याची तपासणी) आणि प्लेटलेट बघतात. पू स्वॅबवर नको, सिरिंजमध्ये किंवा निर्जंतुक डबीत लगेच लॅबला जायला हवा, कारण हवेत मरणारे जंतूही त्यात असतात. ग्रॅम स्टेनची, म्हणजे पू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची स्लाइड तासाभरात तयार होते, गुलाबी दांडके (क्लेब्सिएला, ई. कोलायसारखे जंतू असे दिसतात) दिसले की आम्ही लॅबवाले लगेच वॉर्डला फोन करतो. कल्चर आणि कुठलं औषध चालेल याचा रिपोर्ट यायला 2-3 दिवस जातात. कल्चरमध्ये वाढलेली क्लेब्सिएलाची कॉलनी (जंतूंचा ठिपका) लूपने, म्हणजे तारेच्या कडीने उचलली आणि 5 मिमीपेक्षा लांब चिकट तार आली तर आम्हाला काळजी वाटते, हा प्रकार रक्तातून डोळ्यापर्यंत जाऊ शकतो. बाबांना धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी सांगा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

आणि भातशेती व डायबेटिस दोन्ही आहे हे लॅबच्या फॉर्मवर लिहायला सांगाच. पावसाळी चिखलमातीतल्या बर्खोल्डेरिया या जंतूमुळे मेलिऑइडोसिस हा आजार होतो, कर्नाटकच्या किनारपट्टीवर आणि गोव्यात त्याचे पेशंट सापडलेत, त्यातही लिव्हरमध्ये गळू होतं. लॅबला कल्पना नसेल तर तो जंतू स्यूडोमोनास हा दुसराच जंतू समजून बाजूला पडू शकतो आणि मेलिऑइडोसिसचा इलाज तर पुढे काही महिने चालवावा लागतो, म्हणून ही एक ओळ फार मोलाची आहे.

गावातल्या मेडिकलवरून आधी काही गोळ्या घेतल्या असतील तर त्यांची नावं, कधीपर्यंत घेतल्या, तेही त्याच फॉर्मवर येऊ द्या.