कॅमेऱ्यांची फी 1,200, कार्डाचं व्याज 5,800

ठाण्याच्या कासारवडवलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. टू-बीएचकेसाठी त्यांनी तीन वायफाय कॅमेरे, व्हिडिओ डोअरबेल आणि स्मार्ट लॉक घेतलं, सगळं मिळून 62,000 रुपयांचं, क्रेडिट कार्डावर. पहिल्या वर्षाचं फुकट क्लाउड रेकॉर्डिंग, म्हणजे फुटेज कंपनीच्या सर्व्हरवर साठवणं, आता संपलं. कंपनी डोअरबेल धरून प्रत्येक कॅमेऱ्यामागे महिना 299 मागते, तीन वर्षांचे एकदम भरले तर चारींचे मिळून 30,000. "एकदम भरले तर 13,000 वाचतात. कार्डावर टाकून घेऊन टाकू का?" हा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता: "कार्डावर 1,40,000 बाकी दिसते, पण मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेला नाही. शिवाय 2 लाखांची एफडी आहे, त्यामुळे काळजी नाही."

साहेब, कॅमेरे जरा बाजूला ठेवू.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरल्याने फक्त लेट फी टळते, व्याज थांबत नाही. महिना 3.5 टक्के दराने 1,40,000 वर 4,900 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,800. मिनिमम ड्यू म्हणून तुम्ही भरता 7,000. मुद्दल कमी होतं जेमतेम 1,200 ने, आणि तेवढा तर किराणा तुम्ही त्याच कार्डावर पुन्हा भरता. जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे बहुतेकांना माहीतच नसतं. आज स्वाइप केलेल्या तेल-साखरेवर आजपासून मीटर चालू.

दुसरीकडे एफडीतल्या तेवढ्याच रकमेवर 7 टक्क्यांनी वर्षाला 9,800 मिळतात, वर कर. कार्डाला वर्षाला जातात जवळपास 70,000. फरक 60,000 चा, म्हणजे दर वर्षी कॅमेऱ्यांचा एक नवा संच विकत घेऊन खाडीत टाकल्यासारखं.

तेव्हा एफडी मोडा. या आठवड्यात. मुदतीआधी मोडल्याचा दंड 1 टक्का धरला तरी 2 लाखांवर वर्षाचे 2,000, कार्डाचं दहा-अकरा दिवसांचं व्याज. लिहिलंय तुम्ही, बँकेतल्या मॅडम म्हणाल्या की एफडी मोडू नका, हवं तर ती 'गॅरंटीड इन्कम' प्लॅनमध्ये वळवा. 42 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला पाच-सहा टक्क्यांची विमा पॉलिसी गळ्यात मारणं हा सल्ला नाही, टार्गेट आहे.

कार्ड फेडताना बँकेकडून त्या दिवसाची पूर्ण थकबाकी विचारून घ्या, ॲपवरच्या जुन्या बिलाचा आकडा धरू नका. पुढच्या बिलात तरीही थोडं व्याज येईल. ते बिलाच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचं असतं, भांडत बसू नका, पूर्ण भरा. त्यानंतरचं बिल शून्य आल्याशिवाय कार्ड पाकिटातून काढायचं नाही. उरलेले 60,000 पुन्हा एफडीत, आणि कार्डाला जाणारे 7,000 दरमहा आरडीत. वर्षभरात अडीनडीची रक्कम दीड लाखाच्या आसपास येते.

आता तुमचे 13,000. आजच्या कार्डावर 30,000 टाकले तर त्याचंच व्याज महिना 1,240. मासिक फी आहे 1,196! वाचवायला निघालात आणि फीपेक्षा व्याजच जास्त. शिवाय तीन वर्षं कंपनी टिकेल, अटी बदलणार नाही, हे कोण सांगणार? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाच्या 300 डॉलरच्या हबचे (घरातली स्मार्ट उपकरणं जोडणारा डबा) सर्व्हर 2016 मध्ये बंद केले, हब निकामी. तसेच हब विकणाऱ्या विंक कंपनीने 2020 मध्ये जुन्याच ग्राहकांकडे महिना 4.99 डॉलर मागितले.

आतल्या तीन कॅमेऱ्यांना मेमरी कार्डाची खाच आहे का बघा, बहुतेकांना असते. 128 जीबीचं 'हाय एन्ड्युरन्स' कार्ड घ्या. मोबाइलचं साधं कार्ड रात्रंदिवस लिहून काही महिन्यांत दम तोडतं, आणि ते कळतं नेमकं फुटेज हवं असतं तेव्हा. कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, सतत रेकॉर्डिंग ठेवलं तर गुणवत्तेनुसार साधारण आठवडा ते बारा दिवसांचं मावतं. क्लाउड ठेवायचंच तर फक्त डोअरबेलला, कारण ती बाहेर आहे आणि नेणारा कार्डासकट नेईल. तेही महिन्याने, 299. त्याआधी सोसायटीच्या कॅमेऱ्यात तुमचा दरवाजा येतो का ते बघून या, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये देताच आहात.

स्मार्ट होममुळे फ्लॅट विकताना दोन लाख जास्त मिळतील, असंही लिहिलंय तुम्ही. घोडबंदर रोडला गिऱ्हाईक आधी टँकर किती लागतात ते विचारतं, मग मेट्रो, मग पार्किंग.

फुकट वर्ष संपायच्या वेळी ॲपने कार्डावर ऑटो-डेबिटची परवानगी घेतली असेल. ॲप मोबाइलमधून काढून टाकलं म्हणून ती रद्द होत नाही. बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेटची, म्हणजे अशा परवानग्यांची, यादी असते, तिथून काढा. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमधून. पैसे कापण्याआधी किमान 24 तास बँकेचा मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका. आणि खोक्यावर किंवा बिलावर कुठे 'आजीवन मोफत क्लाउड' छापलं असेल तर त्याचा फोटो काढून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, खोकं रद्दीत जायच्या आत.