आयएल-७८ टँकरच्या जागी हवाई दलाने कोणतं विमान घ्यावं?

प्रश्न असा आहे: भारतीय हवाई दलाची आयएल-७८ टँकर विमानं, म्हणजे उडता उडता दुसऱ्या विमानांना इंधन देणारी, जुनी झाली. त्यांच्या जागी एअरबसचं ए-३३० एमआरटीटी घ्यावं, वापरलेल्या बोईंग ७६७ प्रवासी विमानांचं टँकरमध्ये केलेलं रूपांतर घ्यावं की पुन्हा रशियन विमानच? निवड करताना काय बघावं?

ए-३३० एमआरटीटी. हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, घरच्या पंगतीत वाद घालून सांगितलंय, आणि मत बदलावं असं काही अजून कुणी पुढे ठेवलेलं नाही.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. चार इंजिनांच्या अवजड रशियन विमानांवर नोकरीचा मोठा काळ गेला. त्यामुळे टँकरचा विषय निघाला की लोक इंधन किती टन, पल्ला किती किलोमीटर याचे तक्ते मांडायला लागतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. पहिला प्रश्न एवढाच विचारा: पहाटे ताफ्यातली किती विमानं उडायला तयार असतात? शंभर टन इंधन नेणारं विमान हँगरमध्ये जॅकवर चढवून ठेवलं असेल, तर त्या दिवशी ते शून्य टन नेतं.

एक रात्र सांगतो. उत्तरेकडचा तळ, कडाक्याची थंडी. दुसऱ्या दिवशी पहाटे लढाऊ विमानांच्या लांब पल्ल्याच्या सरावाला टँकर द्यायचा होता. संध्याकाळच्या तपासणीत तीन नंबरच्या इंजिनावरचा हायड्रॉलिक पंप गळताना दिसला. भांडारात पंप नाही. मागणी केव्हाच गेलेली, पण माल परदेशातून यायचा होता. शेजारी दुसरं विमान मोठ्या सर्व्हिसिंगसाठी उभं होतं. ठरलं, त्याचा पंप काढून याला लावायचा.

सांगायला एका वाक्याचं काम. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून डोकं आत घालायचं, एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने स्पॅनर चालवायचा. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना लॉकिंग वायर पिळून बांधलेली असते, आणि ती अशाच दिशेने पिळावी लागते की बोल्ट फिरायला लागला तर तार त्याला आवळत जाईल. हातमोजे घालून हे जमत नाही. थंडीत बोटं बधिर होतात, तारेची टोकं नखाखाली घुसतात आणि ते कळतं सकाळी, चहाचा पेला धरताना. पंप बसल्यावर लाइनमधली हवा काढायची, दाब तपासायचा, इंजिन जमिनीवर चालवून गळती बघायची, मग सह्या. आणि ज्या विमानाचा पंप काढला ते आता आणखी लंगडं झालेलं. नवा पंप आला की हेच सगळं तिथे पुन्हा. प्रत्येक वेळी उघडलेला जोड थोडा झिजतो, ते वेगळंच.

धुकं फाटल्यावर ते विमान उडालं. तिन्ही होज, म्हणजे इंधनाच्या लवचिक नळ्या, बाहेर आले, लढाऊ विमानांनी आळीपाळीने येऊन इंधन घेतलं, सराव ठरल्याप्रमाणे झाला. त्या रात्रीच्या आमच्या टोळीचा मला आजही अभिमान आहे. पण ताफाच सहा विमानांचा असेल, तर असं एकाचं काढून दुसऱ्याला लावत तो किती वर्षं चालवणार?

आता माझे थोरले मेव्हणे. त्यांची हयात सरकारी खरेदीच्या फायलींत गेली. सज्जन माणूस, पण सगळ्यात कमी किमतीची निविदा म्हणजे त्यांच्यासाठी वेदवाक्य. २००९ मध्ये हवाई दलाने ए-३३० एमआरटीटी निवडलं, किंमत जास्त म्हणून अर्थ मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि २०१० च्या सुरुवातीला निविदा रद्द झाली. तेव्हा ते मला म्हणाले, "बरं झालं, लोकांचा पैसा वाचला. तुमचं आयएल काय वाईट आहे?" मी म्हटलं, भाऊसाहेब, खरेदीची किंमत एकदाच मोजायची असते. सुटे भाग, इंधन आणि माणसांचे तास पुढची तीस वर्षं मोजायचे असतात. त्यांना पटलं नाही. पुन्हा निविदा निघाली, आयुष्यभराचा खर्च धरून हिशेब झाला, २०१३ मध्ये पुन्हा एअरबसच पुढे आलं. २०१६ मध्ये तीही प्रक्रिया गुंडाळली गेली. मग २०१७ चा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला: २०१० ते २०१६ या काळात आयएल-७८ ताफ्याची सरासरी उपलब्धता ४९ टक्के, अपेक्षा ७० टक्क्यांची. मी तो आकडा त्यांना फोन करून वाचून दाखवला. ते म्हणाले, आकडे कसेही मांडता येतात. कॅगचे आकडे, आणि हे बोलणारा माणूस हिशेबनीस!

आयएल-७८ ला मी नावं ठेवत नाही. २००३ मध्ये ते आलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जोरावर आपली जॅग्वार अलास्कापर्यंत सरावाला गेली. २००८ मध्ये सुखोई अमेरिकेत नेलीस तळावर गेली, तेव्हाही सोबत हेच होतं. सांगाडा दणकट आहे. पण ही विमानं ताश्कंदला बनली, तिथलं उत्पादन बंद झालं, आणि चार जुन्या इंजिनांची तहान दोन आधुनिक इंजिनांपेक्षा कितीतरी जास्त. चार इंजिनं म्हणजे जास्त सुरक्षित असं म्हणणाऱ्यांनी चार इंजिनांची देखभाल एक हिवाळा करून बघावी.

ए-३३० चा खरा फायदा साधा आहे. त्याचं १११ टन इंधन मूळच्याच टाक्यांत मावतं, त्यामुळे पोटातली जागा मालाला मोकळी राहते. आणि याचंच प्रवासी रूप जगभरच्या विमान कंपन्या चालवतात, म्हणून पंप हवा असेल तर तो कुठल्या ना कुठल्या गोदामात असतोच. ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, सौदी अरेबिया, सिंगापूर, दक्षिण कोरिया सगळे हेच टँकर वापरतात. २०२० मध्ये आपली पहिली राफेल फ्रान्सहून निघाली, तेव्हा वाटेत त्यांना इंधन देणारं फ्रेंच विमानही हेच.

अमेरिकेच्या केसी-४६ बद्दल, म्हणजे ७६७ वरूनच बनवलेल्या त्यांच्या नव्या टँकरबद्दल, फार लिहीत नाही. निविदा, तक्रारी, फेरनिविदा यात त्यांची दहा वर्षं गेली, २०१९ मध्ये विमान हाती आलं, आणि बूम (टँकरच्या शेपटीखालची ताठ इंधननळी) चालवणाऱ्याला कॅमेऱ्यातून नीट दिसत नाही हे दुखणं निस्तरण्यात आणखी वर्षं गेली.

राहिलं वापरलेल्या बोईंग ७६७ चं रूपांतर. इस्रायलची आयएआय ते करते, २०२२ मध्ये तिने आपल्या सरकारी विमान कंपनी एचएएलशी सामंजस्य करार केला, आणि २०२५ मध्ये सहा विमानांच्या साधारण ८,००० कोटींच्या व्यवहारात तीच पुढे असल्याच्या बातम्या आल्या. मेव्हण्यांना हा सौदा नक्की आवडेल. माझा आक्षेप वयाला आहे. मालवाहू ७६७ चं उत्पादनही २०२७ मध्ये थांबवणार असं बोईंगने सांगितलंय, पुढे फक्त केसी-४६ साठी ते चालू राहील. आज सुटे भाग मिळतील, निवृत्त होणाऱ्या विमानांमुळे थोडी वर्षं स्वस्तही मिळतील. त्यानंतर?

दुसरी बाजूही सांगायला हवी. ए-३३० चे पंख टोकापासून टोकापर्यंत ६० मीटरचे आहेत, आयएल-७८ चे ५० च्या आसपास, ७६७ चे त्याहूनही कमी. म्हणजे हँगर, टॅक्सी-वे, उभं करायची जागा, सगळ्यावर खर्च आला, आणि ७६७ आपल्या जास्त तळांवर मावेल हे मला मान्य आहे. बूमचं म्हणाल तर सुखोई, राफेल, मिराज, जॅग्वार, तेजस सगळी प्रोबवाली आहेत, म्हणजे होजला जोडायची नळी त्यांच्यावरच असते, त्यांना होज पुरतो. बूम लागतो सी-१७ ला आणि नौदलाच्या पी-८आय ला. तरी तो घ्यावाच. ब्रिटनने व्हॉयेजरवर, म्हणजे त्यांच्या ए-३३० टँकरवर, बूम बसवला नाही आणि आज त्यांचा टँकर त्यांच्याच सी-१७ ला इंधन देऊ शकत नाही.

आणि विमान कुठलंही घ्या, करारात उपलब्धतेची टक्केवारी लिहून घ्या, ती घसरली की पुरवठादाराचे पैसे कापले गेले पाहिजेत. सहा हा आकडाही मला पटत नाही. सहांतलं एक कायम मोठ्या सर्व्हिसिंगला असतं, एक किरकोळ दुरुस्तीला, एक वैमानिकांच्या प्रशिक्षणात गुंतलेलं. उरलेल्या तिघांवर पश्चिम सीमा, उत्तर सीमा आणि समुद्र एकाच वेळी सांभाळता येत नाही. निदान बारा तरी हवीत.