परदेशी निघण्याआधी दोन घड्याळं जुळवून बघ

तू विचारलंस की ई अँड टीसीचं (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटचं वर्ष संपलं की मास्टर्सला जर्मनी गाठू की अमेरिका, आणि अनेक उपग्रह एकत्र वापरून सिग्नल सुधारायचा या विषयात पुढे काम आहे का. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं बाबांचं वर्कशॉप तारण ठेवायचं घरात चाललंय हेही लिहिलंस, म्हणून सविस्तर लिहिते. मी याच विषयात युरोपात नोकरी करते.

आधी विषय समजून घे, देश त्यावरूनच ठरतो. खालच्या कक्षेतला उपग्रह साधारण ५५० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळतो आणि काही मिनिटांत नजरेआड होतो. साध्या मोबाइलशी थेट बोलायचं तर एकट्याची ताकद तोकडी पडते. म्हणून दोन-चार उपग्रहांनी मिळून एकाच फोनकडे तोच संदेश पाठवायचा. दोघांच्या लहरी फोनपाशी बरोब्बर जुळून आल्या तर एकाच्या चौपट शक्ती मिळते. पाव लहरीने चुकल्या तर दुप्पटच उरते. अर्ध्या लहरीने चुकल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात, हाती शून्य. २ गिगाहर्ट्झला अख्खी लहर १५ सेंटिमीटरची असते, म्हणजे पाव लहर पावणेचार सेंटिमीटर, वेळेच्या हिशोबात नॅनोसेकंदाचा आठवा भाग. दोन धावत्या उपग्रहांमध्ये एवढं अचूक जुळवायचं! सिग्नल कसा पोचला ते फोनने परत कळवावं म्हटलं, तर जाऊन-येऊन जवळपास ४ मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात उपग्रह जवळजवळ ३० मीटर पुढे सरकलेला असतो.

म्हणून या कामाच्या दोन वाटा झाल्यात. काही जण उपग्रहांची घड्याळं आणि फ्रिक्वेन्सी आपसांतल्या दुव्यांवरून जुळवायच्या मागे आहेत. बाकीच्यांनी फेजचा, म्हणजे लहरीला लहर जुळवायचा, हट्ट सोडलाय. उपग्रह कुठे आहे हे माहीत असतंच, तेवढ्यावर बीम, म्हणजे सिग्नलचे झोत, आखायचे, प्रत्येकाकडून वेगळा डेटा पाठवायचा आणि घेणाऱ्याने दिशेवरून तो वेगळा काढायचा. गगनबावड्यासारख्या ठिकाणी डोंगराने एक उपग्रह झाकला तर दुसरा जोडणी धरून ठेवतो, हा फायदाही फेज न जुळवता मिळतो. माझ्या मते ही दुसरी वाट आधी रुळेल. तरी तू शिक पहिली, ती हाताने केलेली माणसं फार थोडी आहेत. जोडीने उडणं जमतं हे प्रोबा-३ ने दाखवलंय. युरोपचे ते दोन उपग्रह ५ डिसेंबर २०२४ ला आपल्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून गेले आणि एका वेळी काही तास एकमेकांपासून १५० मीटरवर मिलिमीटरच्या अचूकतेने राहिले. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दोघांची लहर जुळवणं हे त्याच्या पुढचं काम.

आता देश. अमेरिकेत शिकायला मिळेल, पण आयटीएआर नावाच्या निर्यात नियमांमुळे तिथल्या उपग्रह कंपन्या बहुतेक जागांना नागरिक किंवा ग्रीन कार्डवालेच घेतात. कर्ज काढून शिकायचं आणि नेमक्या याच कामाला दार बंद, हे मला पटत नाही. युरोपात संरक्षणाचे प्रकल्प सोडले तर वाव आहे. लक्झेंबर्ग विद्यापीठात उपग्रह संपर्कावर मोठा गट आहे आणि एसईएस या उपग्रह कंपनीचं मुख्यालय तिथेच बेट्झडॉर्फला. म्युनिकजवळ ओबरफाफेनहोफेनला डीएलआर या जर्मन अंतराळ संस्थेचं केंद्र आहे. आयरिस-स्क्वेअर या सुमारे २९० उपग्रहांच्या युरोपीय योजनेचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला, त्यामुळे माणसं लागणारच.

पैशाचं म्हणशील तर वर्कशॉपला हात लावू नका. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र सेमिस्टरला १५०० युरो आहे आणि म्युनिकच्या टीयूएम या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना फी लावली आहे, तेव्हा यादी करताना बघ. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण ते तुझेच असतात, महिन्याला ९९२ प्रमाणे खर्चाला परत मिळतात. पीएचडी तर इकडे बहुतेक पगारी नोकरीच असते. आपली कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्याचा अर्ज सगळ्यात आधी टाक.

प्रयोगशाळा निवडताना त्यांनी खऱ्या रेडिओवर मोजमाप केलंय का ते बघ. नुसते सिम्युलेशनचे आलेख काढणाऱ्या गटात दोन वर्षं घालवू नकोस.

अर्जात कोल्हापूरचा मुद्दा जरूर घाल. विषुववृत्ताशी ५३ अंशांनी कललेल्या कक्षांतले उपग्रह ५३ अंश अक्षांशाजवळ दाटीने असतात. लक्झेंबर्ग ४९.६ अंशांवर, कोल्हापूर १६.७ वर. म्हणजे त्याच कक्षांतले उपग्रह आपल्याकडे एका वेळी कमी दिसतात आणि एकत्र आणायला कमीच मिळतात. आपल्या अक्षांशाला ही जुळणी किती फायद्याची हे आपल्यापैकीच कुणी मन लावून मोजायला हवं.

तोवर घरी दोन गोष्टी कर. बाबांकडून ५३ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियम सळ्या कापून घे, १२० अंशांत जोड, आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) लाव आणि गच्चीवरून १३७ मेगाहर्ट्झजवळचे रशियन मेटिऑर हवामान उपग्रह पकड. येताना फ्रिक्वेन्सी ३ किलोहर्ट्झच्या आसपास वर असते, जाताना तेवढीच खाली, आणि डोक्यावर आल्यावर ती झपकन उतरते, ते डोळ्यांनी बघ. मग दोन डोंगल आकाशवाणी कोल्हापूरवर लावून दोन्हींच्या फेजमधला फरक काढ. प्रत्येकाच्या घड्याळाचा क्रिस्टल वेगळा, त्यामुळे तो फरक सारखा घसरत राहील. नंतर दोघांना एकाच क्रिस्टलचं घड्याळ दे आणि पुन्हा मोज, घसरण जवळपास थांबेल. हे दोन्ही आलेख एका पानावर काढून अर्जासोबत जोड, आणि पाठवायच्या आधी मला दाखव.