क्लास लावायच्या आधी प्रॅक्टिकलचं जर्नल उघड

ताई म्हणून विचारलंयस म्हणून सरळ तू म्हणते. तुझा प्रश्न थोडक्यात असा की बीएस्सी सेकंड इयर, फिजिक्स-केमिस्ट्री, मोहोळहून रोज एसटीनं सोलापूरला ये-जा, बारावीनंतर एमएससीआयटी झालेली, घरी लॅपटॉप नाही, आणि एक क्लासवाले ८ हजारात पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि डेटा सायन्स शिकवतो म्हणतायत, तर लावू का.

आत्ता लावू नको. पायथनबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पुढं लागणारच आहे. पण अशा क्लासमध्ये कुठल्या तरी परदेशातल्या घरांच्या किमतींची फाइल देतात, सगळी पोरं तेच पाच-सहा कमांड टाइप करतात, ग्राफ येतो, सर्टिफिकेट मिळतं, आणि नंतर स्वतःच्या प्रोजेक्टची रीडिंग समोर आली की हात थांबतो, हे मी वर्षानुवर्षं लॅबमध्ये बघतेय. आणि तुझा स्वतःचा डेटा तर तुझ्या दप्तरातच आहे की. प्रॅक्टिकलचं जर्नल.

साधा लोलक घे, अकरावीपासून करतोयस. दोऱ्याची लांबी बदलायची, २० आंदोलनांचा वेळ घ्यायचा, प्रत्येक ओळीत जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा, सरासरी घ्यायची, आणि ती ९.८१ च्या आसपास आली नाही तर पार्टनरच्या वहीतून रीडिंग उतरवून सही घ्यायची, हे सगळीकडं चालतं. आता तुझी खरी रीडिंग स्प्रेडशीटमध्ये टाक, एक्सेल किंवा तसलंच काही. एका कॉलममध्ये लांबी, मीटरमध्येच, दुसऱ्यात टीचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेचा, वर्ग. ग्राफ स्कॅटरच काढ, म्हणजे नुसत्या बिंदूंचा, लाइन चार्ट नको, कारण लाइन चार्ट बऱ्याचदा तुझ्या लांबीच्या आकड्यांना नुसती लेबलं समजतो आणि सारख्या अंतरावर मांडून मोकळा होतो. ट्रेंडलाइन, म्हणजे बिंदूंमधून जाणारी सरळ रेषा, टाक, समीकरण दाखव. उतार म्हणजे ४π² भागिले जी, तो ४.०४ च्या जवळपास यायला पाहिजे.

आता समज उतार बरोबर आला पण रेषा शून्यातून जातच नाही, उभ्या अक्षाला ०.०४ वर कापते (हाच इंटरसेप्ट). का? तर लांबी हुकापासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली गेली, गोळ्याची १ सेंटीमीटर त्रिज्या धरलीच नाही. ओळीओळीनं काढलेला जी अशा वेळी ५० सेंटीमीटरला ९.५९ येतो आणि १ मीटरला ९.६८, म्हणजे लांबी वाढेल तसा वाढत जातो, आणि आपण सरासरी घेतली की ते वाढणं दिसायचंच बंद होतं. ग्राफमध्ये मात्र चूक कुठं झाली ते दिसतं आणि उतारावरून जी तरीही बरोबर मिळतो. अजून एक, सोलापूरच्या अक्षांशावर जी ९.७८ च्या आसपासच असतो, ९.८१ हा विषुववृत्तापासून बऱ्याच लांबच्या अक्षांशांवरचा आकडा आहे. म्हणजे प्रामाणिकपणे काढलेलं उत्तर खोडून पोरं दुसरीकडचा आकडा लिहितात आणि त्यालाच मार्क मिळतात, याचा मला खरंच त्रास होतो.

हे एवढं जमलं तर युनिट, एरर, उतार, इंटरसेप्ट आणि शीट, सगळं एका प्रयोगात येतं. लॅपटॉप नसला तरी मोबाइलवर गुगल शीट्स चालतं, ॲपमध्ये ट्रेंडलाइन सापडली नाही तर SLOPE आणि INTERCEPT हे फॉर्म्युले वापर, नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये लिब्रेऑफिस टाकून मिळतं का विचार, त्यातलं कॅल्क एक्सेलसारखंच आणि फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिब्रेऑफिस कॅल्कचे धडे मराठीतसुद्धा आहेत, छोटे छोटे, एसटीत बघून होतात.

दुसरा डेटा घराजवळचाच. उजनी धरणाची पाणीपातळी वर्तमानपत्रात रोज येते. पावसाळ्याच्या आधीपासून रोजची टक्केवारी तारखेसकट टाकत जा. उन्हाळ्यात एखाद्या दिवशी उणे टक्केही दिसू शकतील, मग विचार कर की धरणात पाणी आहे तर टक्के उणे कसे. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, त्यातलं ६३.६६ मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या दारांनी सोडता न येणारं तळाचं पाणी, आणि टक्केवारी काढतात ती फक्त वरच्या ५३.५७ उपयुक्त साठ्यावर. म्हणजे उणे १० टक्के म्हटलं तरी खाली ५८ टीएमसीच्या आसपास पाणी असतं. कुठलीही टक्केवारी दिसली की ती कशाची काढलीय हे आधी विचारायचं, ही सवय मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठी वाटते, आणि इंटरव्ह्यूत तीच बघतात.

शीटवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नको. सेप्ट२, मार्च१ अशा जनुकांच्या नावांना एक्सेल तारीख समजून बदलून टाकायचं, इतक्या रिसर्च पेपरांमध्ये ती चूक गेली की २०२० मध्ये शेवटी जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार केसेस मोजणीतून गळाल्या, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढं ओळी मावतच नाहीत. म्हणून मूळ रीडिंगची फाइल कधीही बदलायची नाही, कॉपी करून कॉपीवर काम करायचं, फाइलच्या नावात तारीख टाकायची, आणि पेन ड्राइव्हवर एकच प्रत ठेवून फिरायचं नाही.

आता तू न विचारलेली गोष्ट, वाचणं आणि लिहिणं. मराठी मीडियमची पोरं इंग्रजी रिसर्च पेपर समोर आला की पहिल्या ओळीपासून डिक्शनरी घेऊन बसतात आणि दुसऱ्या पानावर सोडतात. तसं करू नको. आधी शीर्षक आणि सारांश, मग थेट आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी, मग निष्कर्ष. पद्धतीचा भाग गरज लागली तरच. वाचून झालं की पेपर बंद कर आणि काय कळलं ते आठ-दहा ओळीत मराठीत लिही, मग स्वतःच इंग्रजीत कर, मोडकं तोडकं चालेल. मराठीत लिहिता आलं नाही तर अडचण इंग्रजीची नव्हतीच, विषयच कळला नव्हता, आणि असं बऱ्याचदा निघतं. पेपर बंद करून लिहिलंस की कॉपी-पेस्टचा प्रश्नही येत नाही. संदर्भ ठेवायला झोटेरो वापर, फुकट आहे, आतापासून सवय लागली तर एमएस्सीच्या प्रोजेक्टला रडायची वेळ येणार नाही.

एआय चॅटबॉटबद्दल पण सांगते, कारण सगळे तेच वापरतायत. न कळलेला मुद्दा सोपा करून विचार, फॉर्म्युला का चालत नाही ते विचार, खुशाल. पण निष्कर्ष त्याच्याकडून लिहून घेऊ नको, आणि त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ गुगल स्कॉलरवर शोधून बघ, नसलेले पेपर तो अगदी छातीठोकपणे सांगतो.

पायथन यानंतर. शीटमध्ये तेच काम परत परत करून कंटाळा आला की समज वेळ झाली, तेव्हा ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघड, तिथं पायथन लिहून चालवता येतं, आणि लोलकाचा हाच ग्राफ तिथं काढून बघ, उत्तर काय यायला पाहिजे ते तुला माहीत असेल त्यामुळं कोड चुकला तर लगेच कळेल. तेव्हाही क्लास लावावासा वाटला तर पैसे भरायच्या आधी त्यांना एकच विचार, माझी स्वतःची रीडिंग आणली तर त्यावर शिकवाल का.

सध्या केमिस्ट्रीच्या जर्नलमधलं कलरीमीटरचं प्रॅक्टिकल काढ, कॉन्सन्ट्रेशन आडव्या अक्षावर, ॲब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं ते) उभ्यावर. जास्त कॉन्सन्ट्रेशनचे शेवटचे एक-दोन बिंदू रेषेच्या खाली झुकलेले दिसले तर खोडू नको, का झुकले ते दोन ओळीत लिही आणि ग्राफसकट इथंच टाक, मी बघून सांगते.