तुझा सा आणि पियानोचा सा

प्रिय मनू,

परवा गाडीत तू विचारलंस आणि मी "घरी गेल्यावर सांगतो" म्हणून टाळलं. नंतर तू झोपलीस. म्हणून लिहून ठेवतोय. अडलं तर आईकडून वाचून घे.

तुझं म्हणणं असं, की शाळेच्या कॉयरमध्ये मिस म्हणाल्या, तुझा सूर खाली आहे. आणि रविवारी मिरजेला कॉल लावला तेव्हा तोच सूर ऐकून आजी म्हणाली, "अगं, हा तुझा सा आहे. सोडू नकोस." मग खरं कोण? आणि आजी गाण्याआधी एवढा वेळ 'आऽ' करत काय शोधते? फोनवरच्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपमध्ये 'सी' दाबलं की सूर मिळतो ना?

खऱ्या दोघीही. पण तेवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, हे मला माहीत आहे.

आधी माझी बाजू ऐक. मी इथे डब्लिनला औषधाच्या कारखान्यात आहे आणि मला पगारच मुळी 'सगळं सारखं' ठेवण्याचा मिळतो. गोळ्यांच्या एका खेपेत औषध कमी-जास्त निघालं तर खेप अडवायची, मग वरचे कितीही ओरडोत. तुझ्या दम्याच्या पंपातून प्रत्येक दाबाला ठरलेलं तेवढंच औषध यायला हवं. तिथे कुणाची खास हातोटी मला नको. त्यामुळे 'सगळं जग एकसारखं झालं' म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही.

मिस बिचाऱ्या पियानोला बांधलेल्या आहेत. तीस मुलांनी तीस सा लावले तर कॉयर कसा व्हायचा? पण त्यांचा पियानो ज्या मापाने लावतात ते काही आभाळातून पडलेलं नाही. पूर्वी युरोपातही गावोगावी पट्टी, म्हणजे सुराची उंची, वेगळी असायची; या चर्चचा ऑर्गन वर, त्या चर्चचा खाली. फ्रान्सने 1859 मध्ये कायदाच केला, की 'ए' हा स्वर सेकंदाला 435 कंपनांचा. पुढे 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत 440 ठरला. वाद्यं कारखान्यात बनू लागली होती, रेडिओ देशोदेशी ऐकू येत होता. एक माप सगळ्यांच्याच सोयीचं होतं. म्हणजे गावोगावची पट्टी आपल्याआधी युरोपवाल्यांनीच गमावली.

आता मिरज. मिरजेला लोक दोन कामांसाठी येतात, दवाखान्याला आणि तंबोऱ्याला. तंबोरे घडवणारी घरं दर्ग्याजवळच्या गल्लीत आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाले करणारे. संस्थानी लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकात हे हात तंतुवाद्यांकडे वळले. बाजार फिरला म्हणूनच तर आपल्याला मिरजेचा तंबोरा मिळाला.

मी तुझ्याएवढा असताना आजीबरोबर तिथे गेलो होतो. तिच्या तंबोऱ्याची जवारी गेली होती. जवारी म्हणजे तार घोडीच्या, म्हणजे तारांखालच्या आधाराच्या, सपाट पाठीला हलकेच घासत राहते आणि त्यातून जो भुंग्यासारखा घुमारा निघतो, तो. ती गेली की तार नुसती 'टंग' करते. कारागिराने पट्टी विचारलीच नाही. म्हणाला, "गाऊन दाखवा, बाई." आजी लाजत लाजत गायली. त्याने घोडीवरून कानस फिरवली, अगदी जेवढी नखाला लागेल तेवढी. तारेखाली दोरा सरकवला, ऐकलं, पुन्हा काढला. मध्ये चहा झाला. मध्ये वीज गेली. तो काही बोलेना. मी कंटाळून वर टांगलेले भोपळे मोजत बसलो. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, कित्येक महिने वाळतात आणि एकासारखा दुसरा नसतो. त्यामुळे तंबोराही एकासारखा दुसरा होत नाही. संध्याकाळी केव्हातरी तार एकदम बोलली. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, पैसे जास्त सांगितले की काय.

आजीचा सा काळी चारच्या, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, किंचित खाली होता. पेटीवर त्या जागी पट्टीच नाही. ती शोधते ते हे. आज घसा कसा आहे, झोप झाली का, थंडी आहे का, त्यावर तो केसभर हलतो.

मात्र गंमत बघ. 'काळी चार' हे नाव पेटीच्या पट्टीवरून आलं आणि पेटीचं मूळ पॅरिसचं! तिच्या ठोकळ सुरांवरून आपल्याकडेही एवढा राग होता, की आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटी बंदच ठेवली होती. तरी आजी आपला सा सांगते तो पेटीच्याच भाषेत, आणि 'जरा उतरता' हे दोन शब्द स्वतःचे जोडते. मला ते दोन शब्द फार आवडतात.

भीती वाटते ती हेच दोन शब्द हरवण्याची. अ‍ॅपमध्ये सूर बारीक खाली-वर करता येतो, पण त्या बटणापर्यंत जातो कोण? आधीच लावून ठेवलेल्या बारा सुरांतला एक दाबायचा आणि गळा तिथे न्यायचा. खाण्याचंही तसंच. भडंगात तिखट किती यावरून सांगलीत घराघरांत भांडणं होतात; पिझ्झ्यावरून झालेली मी तरी पाहिली नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नक्कल थांबावी म्हणून. त्यासाठीही आधी वाद्य कसं घडतं ते कागदावर नमूद करावं लागतं. मी धंद्याने असे कागद लिहिणारा. तरी "गाऊन दाखवा, बाई" हे कोणत्या रकान्यात लिहायचं, मला सुचत नाही.

आणि हो, आजीला टॅब्लेट मीच दिला. त्यात तंबोरा वाजतो. गुडघ्यांमुळे तिला खाली बसून खरा तंबोरा लावता येत नाही, त्यात अर्धा तास जातो. रोजचा रियाज ती टॅब्लेटवरच करते. मागच्या वेळी विचारलं तर म्हणाली, "बरा आहे रे, दमत नाही. पण माझं ऐकत नाही."

तेव्हा कॉयरमध्ये पियानोचा सूर धर, कुरकुर करू नकोस. घरी तुझा धर.

डिसेंबरात मिरजेला जाऊ तेव्हा खरा तंबोरा त्या गल्लीत न्यायचा आहे, जवारी पुन्हा गेली आहे. आजी म्हणते, आता तो तुझ्या गळ्याला लावून घ्यायचा. गायला तुलाच लागेल. लाजलीस तर चालेल, तीही लाजली होती.

तुझा,
बाबा