अपडेट अर्धवट राहिलं तर

भाऊ, नागपूरच्या मे महिन्यात भरदुपारी लाईट जाऊ शकते, हे धरूनच चाल. अपडेट चालू असताना डेस्कटॉप बंद पडला म्हणून लगेच उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम) नव्यानं टाकायला बसू नको. बहुतेक वेळा काही पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, फक्त अर्धवट बसलेली असतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, 'सुडो डीपीकेजी' लिही, पुढे दोन आडव्या रेघांना जोडून 'कॉन्फिगर', मग एक रेघ आणि 'ए' (sudo dpkg --configure -a). राहिलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. तरीही अडलं तर 'सुडो एपीटी', दोन रेघांसह 'फिक्स-ब्रोकन', शेवटी 'इन्स्टॉल' (sudo apt --fix-broken install). पण इथे 'वाय' (हो) दाबण्याआधी काय काय काढून टाकणार त्याची यादी नीट वाच बाप्पा! त्यात डेस्कटॉपचंच पॅकेज दिसलं तर 'एन' (नाही) दाब आणि आधी जाणकाराला विचार.

लॉक मिळत नाही असा संदेश आला तर ती लॉक फाईल (एका वेळी एकच अपडेट चालावं म्हणून लावलेलं कुलूप) उडवू नको. बहुतेक वेळा मागे आपोआप होणारं अपडेट चालू असतं, ते संपू दे. नवं सॉफ्टवेअर शक्यतो उबुंटूच्याच भांडारातून (अधिकृत सॉफ्टवेअर साठ्यातून) घे. मदत मागताना 'चालून नाही राहिलं' एवढंच सांगू नको, एररचा पूर्ण मजकूर पाठव, पहिल्या ओळीपासून.